घास उतरेना

लग्न होऊन दीपाली अहमदपूरजवळच्या त्या गावात आली, तेव्हा सासरी तिच्याबद्दल पहिली तक्रार झाली ती जेवणाची. स्वयंपाक चांगला करायची, शाळेची नोकरी सांभाळायची, बोलायलाही गोड होती. पण जेवायला बसली की लवकर उठायची नाही. घास तोंडात घेतला की चावत राहायची, मग पाण्याचा घोट, मग पुन्हा चावणं. सासरे ग्यानोबा हात धुऊन बाजेवर आडवे झाले तरी हिची अर्धी भाकरी ताटात तशीच. सासू चांगुणाबाई शेजारणीला सांगायच्या, "पोरगी चांगली हाय, पण खायाचं लई नखरं हाय तिचं."

दीपालीला ते नखरे वाटत नव्हते आणि आजारही वाटत नव्हता. ती लहानपणापासून अशीच जेवायची. कोरडं काही खाल्लं की घास छातीच्या मध्यावर थांबतो, आपणही जरा थांबायचं, पाणी प्यायचं, की जातो. सगळ्यांचंच असं होत असेल, असं ती धरून चालली होती. लातूरला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करताना मेसमधली चपाती ती वरणात भिजवून ठेवायची, तेव्हा मैत्रिणी हसायच्या. धुळीनं शिंका येणं, थंडीत छातीत घरघर होणं, हेही तिला जुनंच होतं. शेतात सोयाबीनची मळणी सुरू झाली की ती नाकाला ओढणी बांधून घरात बसायची.

लग्नानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात धर्माबादला नणंदेकडे जावळाचा कार्यक्रम होता. मटणाचं जेवण होतं. पंगतीत सगळे भराभर जेवत होते, वाढणारे पुढं सरकत होते, आणि आपल्यासाठी पंगत खोळंबू नये म्हणून दीपालीनंही घाई केली. एक तुकडा नीट चावला न जाता खाली गेला आणि छातीत बसला.

ती पाणी प्याली. पाणी खाली गेलं नाही, जसंच्या तसं वर आलं. ती उठून मांडवाच्या मागं गेली. पुढच्या काही मिनिटांत तिच्या लक्षात आलं की थुंकीसुद्धा गिळता येत नाही. श्वास नीट चालला होता, बोलता येत होतं, पण तोंडात लाळ साठत होती आणि ती सारखी थुंकत होती. नणंद पूनम धावत आली, तिनं पाठीत थापट्या मारल्या. कुणी म्हणालं केळ खा, कुणी म्हणालं भाताचा गोळा गीळ. ज्याचं ऐकलं ते वर आलं.

"अहो, काहीच खाली जाईना," ती नवऱ्याला म्हणाली. तिचा नवरा व्यंकट शेती बघायचा, थोडा तापट होता. त्यानं लगेच पाहुण्यांची गाडी मागून घेतली आणि तिला सरळ नांदेडला आणलं.

तिथं एका दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी तुकडा काढला. शुद्धीवर आल्यावर दीपालीला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की थुंकी गिळली जातेय. डॉक्टर घाईत होते. "नळीत गाठ वगैरे काही नाही," ते म्हणाले. "मोठा घास घेतला असेल. सावकाश खात जा."

"मी सावकाशच खाते, सर," दीपाली म्हणाली.

"अजून सावकाश खा."

घरी आल्यावर मात्र तिला जेवणाचीच भीती बसली. भाकरी सुटली, मग चपाती, मग भातही मऊ करून खाऊ लागली. व्यंकट म्हणायचा, "डॉक्टर म्हणले न्हाई ना काही? मग मनातलं भेव काढून टाक." तिला त्याचा राग यायचा, पण खरंच भीती कुठं संपते आणि अडकणं कुठं सुरू होतं हे तिलाही सांगता येत नव्हतं.

त्या दिवसांत बदलल्या त्या चांगुणाबाई. धर्माबादला मांडवामागं सुनेचं तोंड त्यांनी पाहिलं होतं. नखरं हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. घरात दोन म्हशी होत्या, दूध भरपूर होतं. सकाळी शाळेत जायच्या आधी त्या दीपालीला साय घातलेलं दूध द्यायच्या, दुपारच्या डब्यात दहीभात, संध्याकाळी भाकरी कुस्करून दुधात भिजवून. "आत्या, एवढं नको," दीपाली म्हणायची. सासूला ती आत्याच म्हणायची.

"प्ये गप. खाली जातंय ना? मग झालं. शाळंत उभं ऱ्हायाला अंगात ताकद नको का?"

दूध खाली जायचं, हे खरं होतं. पण पावसाळा संपेपर्यंत दहीभातही अडकू लागला. जेवणानंतर छातीत कुणीतरी आतून आवळल्यासारखी कळ यायची. दीपाली सातवीला विज्ञान शिकवायची. पचनसंस्थेचा धडा आला तेव्हा तिनं जुन्या ओढणीची नळी शिवून नेली, तिच्यात चेंडू घातला आणि वरून मुठीनं आवळत आवळत तो खाली सरकवून दाखवला. अन्न आपोआप पडत नाही, अन्ननलिका ते लाटेसारखं ढकलत नेते, असं तिनं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लाट मधीच थांबली तर?" दीपालीनं नुसतं, "मग घास अडकतो," एवढं सांगितलं आणि फळा पुसायला वळली.

दसऱ्यानंतर व्यंकट तिला लातूरला घेऊन गेला. आता तोही घाबरला होता. तिचे ब्लाऊज सैल झाले होते, गालांची हाडं दिसू लागली होती. लातूरच्या सर्जननी तिला अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी करायला सांगितली. नाकातून एक बारीक नळी पोटापर्यंत सोडली आणि थोडं थोडं पाणी गिळायला लावलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, उमासे येत होते, तरी ती शेजारच्या पडद्याकडे बघत राहिली. प्रत्येक घोटाबरोबर पडद्यावर रंग उमटत होते. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं की निरोगी माणसात रंगांचा एक तिरपा पट्टा वरून खाली उतरतो. दीपालीच्या पडद्यावर पट्टा नव्हता. सगळी नळी एकदम दाबली जायची, उभा ठोकळा उमटायचा, आणि खालच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडायची नाही.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. "लाट तयार होत नाही आणि खालचं दार उघडत नाही. ह्याच्यात त्या दाराचा स्नायू थोडा कापावा लागतो. दुर्बिणीनंच करतो, पोट मोठं फाडायचं नाही."

"कापल्यावर लाट परत येईल का सर?" दीपालीनं विचारलं.

"लाट नाही येणार. पण दार उघडं राहिलं की अन्न आपल्या वजनानं उतरतं."

व्यंकटनं लगेच होकार दिला. दीपालीनंही दिला. तिला कंटाळा आला होता. काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं झालं होतं.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिला तपासलं. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. "दमा आहे?"

"लहानपणी होता. आता थंडीत थोडी घरघर होते. धुळीची ॲलर्जी आहे."

त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात, ॲलर्जीत त्या वाढतात. दीपालीच्या रक्तात त्या बऱ्याच वाढलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "नांदेडला दुर्बीण घातली तेव्हा नळीच्या आतला तुकडा तपासायला घेतला होता?"

"मटणाचा तुकडा काढला."

"तो नाही. तुमच्या नळीच्या अस्तराचा."

तसं काही झालं नव्हतं. ते उठून सर्जनकडे गेले. दोघांचं बोलणं काचेपलीकडे चाललेलं दीपालीला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. सर्जन बाहेर आले ते थेट बोलले. "मी उद्याचं ऑपरेशन थांबवतोय. कापलेलं परत जोडता येत नाही. आधी एक गोष्ट तपासून घेऊ. नांदेडला डॉक्टर सोनकांबळे आहेत, त्यांच्याकडे जा. त्यांनी काही नाही म्हटलं तर मी आहेच."

व्यंकट बाहेर येऊन चिडला. "एक म्हणतो काप, एक म्हणतो थांब. आपुन काय फुटबॉल हाव का?" पण गाडी त्यानं दुसऱ्याच दिवशी नांदेडकडे काढली.

डॉ. पंचशीला सोनकांबळे मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दीपालीला आधी फक्त जेवणाबद्दल विचारलं. काय अडकतं, किती पाणी लागतं, घास किती लहान करता, लग्नकार्यात जेवायचं टाळता का. दीपाली उत्तरं देत गेली आणि मध्येच तिला रडू आलं, कारण इतक्या वर्षांत हे प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. डॉक्टरांनी तिला रडून होऊ दिलं आणि मग दुर्बिणीची तयारी करायला सांगितलं.

या वेळी दुर्बीण सावकाश फिरली. नळीच्या आत गोल गोल वळ्या होत्या, उभ्या चिरा होत्या, मध्ये मध्ये पांढरे ठिपके. वरून, मधून, खालून असे अस्तराचे तुकडे घेतले गेले. रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्यात रोगाचं लांबलचक नाव होतं : इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस.

डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं. "ह्या पेशी अन्ननलिकेत असायलाच नकोत. दीपालीच्या अस्तरात त्या दाटीनं बसल्यात. एखाद्या गोष्टीची ॲलर्जी होते, ह्या पेशी गोळा होतात, त्यांच्यातून जी रसायनं सुटतात त्यानं सूज येते."

"सुजंनं लाट कशी काय बंद पडंल?" व्यंकटनं विचारलं. प्रश्नात अजून शंका होती.

"तुमच्याकडं ठिबक आहे?"

"हाव. उसाला."

"दोन-चार उन्हाळे खाल्लेली नळी कशी होते?"

"कडक. दाबली की दबत न्हाई, वाकवली तर तडकती."

"हिच्या नळीचं तेच चाललंय. भिंत कडक झाली की ती फुगत नाही, घासाला जागा देत नाही. आणि सूज फक्त वरच्या अस्तरात राहत नाही, खालच्या स्नायूपर्यंत जाते. स्नायूंनी एकामागून एक आवळायचं असतं. त्या रसायनांनी ते बिथरतात, एकदमच आवळतात नाहीतर आवळतच नाहीत. खालच्या दाराचंही तसंच. लातूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त ते कशामुळं होतं, हे पडद्यावर दिसत नाही."

"मग लाट परत येईल?" दीपालीनं विचारलं.

"काहींची येते. सगळ्यांची पूर्ण येत नाही. तुमची किती येईल ते मी आज सांगू शकत नाही."

औषध ऐकून व्यंकटला हसूच आलं. दम्याच्या वाफेसाठी वापरतात तेच औषध मधात कालवून, घट्ट करून, चाटून गिळायचं, म्हणजे ते नळीच्या भिंतीला लागत लागत खाली जाईल. नंतर चूळ भरायची आणि अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. सोबत ॲसिड कमी करायची गोळी.

"दम्याचं औषध घशातून?" तो गाडीत म्हणाला.

"घेऊन बघते," दीपाली म्हणाली. "कापण्यापेक्षा बरं."

पहिले दोन-तीन आठवडे काही कळलं नाही. मग एकदा शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाताना तिच्या लक्षात आलं की बाटलीचं झाकण अजून उघडलंच नाही. घरी येऊन तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं आणि पुन्हा अडकलं तर, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईच म्हणाल्या, "आज लौकर उठलीस ताटावरनं. पोट भरलं का?"

"भरलं, आत्या."

थंडी सरता सरता पुन्हा दुर्बीण झाली आणि पुन्हा नाकातून ती नको असलेली नळी. या वेळी पडद्यावर तिरपा पट्टा उतरला. मध्ये एके ठिकाणी फिका होता, काही घोटांना तुटतही होता, पण उतरत होता. खालचं दार उघडत होतं. डॉ. सोनकांबळेंनी तिच्यासमोरच लातूरला फोन लावला. सर्जन पलीकडून म्हणाले, "मग माझं काम संपलं. त्यांना शुभेच्छा सांगा." दीपालीनं ते ऐकलं आणि त्या दिवशी विष्णुपुरीच्या पुढं रस्त्याकडेला गाडी थांबवून नवरा-बायको उसाचा रस प्याले, बाकी काही साजरं केलं नाही.

पण गोष्ट तिथं संपली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधानं सूज दबते, ॲलर्जी जात नाही. औषध कमी करायचं असेल तर मूळ शोधावं लागेल. या रोगात सगळ्यात जास्त वेळा जे सापडतं त्यापासून सुरुवात करू. दूध बंद. दूध, दही, ताक, तूप, खवा, पनीर, सगळं. काही महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासू.

घरी हे सांगायचं दीपालीच्या जिवावर आलं. शेवटी व्यंकटनंच सांगितलं, तेही सरळ. "माय, डॉक्टर म्हणतात दुधानं होत असंल. हिला दूध देऊ नको."

चांगुणाबाई कणीक मळत होत्या. हात थांबला. "माझ्या दुधानं?"

"आत्या, तुमच्या म्हणून नाही. कुठल्याही दुधानं. अजून नक्की नाही..." दीपाली म्हणाली.

चांगुणाबाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्या दिवसापासून घरात सुनेच्या वाट्याचं दूध निघालं नाही, कढी झाली नाही, वरणावर तूप आलं नाही; सांगितलं तसं सगळं झालं. पण सासू तिच्याशी कामापुरतंच बोलू लागली. दीपालीनं दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, त्या उठून गोठ्यात गेल्या. हे असं बरेच दिवस चाललं.

पुढच्या वेळी नांदेडला जायची तयारी चालू असताना त्या लुगडं बदलून, पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "म्याबी येते."

डॉक्टरांच्या खोलीत त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. दीपालीची तपासणी झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, माझ्या म्हशीच्या दुधात काय खराबी हाय?"

"काही खराबी नाही, मावशी. तुम्ही पिता, मुलगा पितो, कुणाला काही होत नाही ना? दूध चांगलंच आहे. हिच्या नळीला ते मानवत नाही, असा अंदाज आहे."

चांगुणाबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग आवाज बारीक झाला. "तिला भाकर जाईना म्हणून सकाळ-संध्याकाळ म्या तेच पाजलं. वाटीच्या वाटी. म्हंजी म्याच वाढवलं की तिचं दुखणं."

दीपाली मध्ये बोलणार होती. डॉक्टरांनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. "दुधानं सूज वाढली असेल, मावशी. पण ते कुणालाच माहीत नव्हतं. नांदेडच्या पहिल्या डॉक्टरांना नाही, लातूरच्या नाही, तिला स्वतःला नाही. आणि तिच्या पोटात तेव्हा दुसरं काही जातच नव्हतं. ते दूध नसतं तर ती माझ्यापर्यंत उभी चालत आली नसती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

चांगुणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मग आता तिला द्यावं काय, ते सांगा. ताकद कशानं यील?"

डॉक्टर सांगत गेल्या : तीळ, शेंगदाणे, नाचणी, डाळी, अंडी चालत असतील तर अंडी. चांगुणाबाई एकेकाला मान हलवत होत्या. अंड्याला मात्र त्यांनी मान हलवली नाही. "घरातल्या चुलीवर मटण-अंडं न्हाई चालायचं," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, "बाहीर गॅसवर करू देते."

परतीच्या वाटेवर अहमदपूर येईपर्यंत त्या मागच्या सीटवर सुनेशेजारी बसल्या होत्या. गाव जवळ आल्यावर हळूच म्हणाल्या, "तू तरी सांगायचं होतंस, 'आत्या, दुधानं दुखतंय' म्हणून."

"मलाच माहीत नव्हतं, आत्या. प्याले की बरं वाटायचं."

"हाव," त्या म्हणाल्या. "मलाबी बरं वाटायचं, तू प्यालीस की."

पावसाळ्यात तुकड्याचा रिपोर्ट आला. औषध निम्म्यावर आणूनही नळीत त्या पेशी अगदी थोड्या उरल्या होत्या. अंदाज बरोबर निघाला होता. दूध कायमचं बंद राहणार, औषध थोडं थोडं चालू राहणार, वर्षातून एकदा दुर्बीण होणार. नळीच्या मध्यावर एक जागा अरुंदच राहिली होती. पुढंमागं ती फुग्यानं रुंद करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं. बरं झालं असं म्हणता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या. आटोक्यात आहे, असं म्हणा.

चांगुणाबाईंनी मात्र गावात आपल्या पद्धतीनं सांगायला सुरुवात केली. कुणाच्या बारशाला, कुणाच्या वास्तुशांतीला गेल्या की आचाऱ्यासमोर उभ्या राहायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायच्या, "भाजीत दही घातलंय का? माझ्या सुनंला चालत न्हाई." दीपालीला लाज वाटायची. ती म्हणायची, "आत्या, हळू विचारा की." त्या म्हणायच्या, "हळू इचारल्यावर त्यो खरं सांगंल का?"

त्या थंडीत शेतात हुरडा झाला. पूनम धर्माबादहून आली होती, ग्यानोबांनी गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. व्यंकट भाजलेली कणसं तळहातावर चोळून गरम हुरडा सगळ्यांच्या पुढ्यात टाकत होता. चांगुणाबाईंनी दह्याचं गाडगं मुद्दाम लांब, पूनमच्या पलीकडं ठेवलं होतं. दीपालीनं शेंगदाण्याच्या चटणीला लावून मूठभर हुरडा तोंडात टाकला. बोलता बोलता एक घास छातीत थांबला. ती बोलायची थांबली आणि सरळ होऊन बसली.

सगळेच थांबले. व्यंकटच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

दीपालीनं हात वर करून थांबा अशी खूण केली. ती वाट बघत राहिली. आत काहीतरी आवळलं गेलं, मग त्याच्या खाली, मग अजून खाली, आणि घास सुटला.

"गेला," ती म्हणाली, आणि चोळलेल्या हुरड्यासाठी व्यंकटपुढं हात केला.